'व्यस्त' कोण, वायू की पद्धत?

प्रश्न असा आहे. एका लेखाच्या मसुद्यात हे वाक्य आलं आहे: 'बहुवारिकाचे व्यस्त वायू वर्णलेखनाने पृथक्करण केले.' बहुवारिक म्हणजे पॉलिमर, वर्णलेखन म्हणजे क्रोमॅटोग्राफी, आणि या पद्धतीचं इंग्रजी नाव 'इन्व्हर्स गॅस क्रोमॅटोग्राफी'. विचारणाऱ्याला त्यात तीन गोष्टी खटकतात. रंगाचा कुठे पत्ता नाही, मग 'वर्ण' कशाला? 'व्यस्त' म्हणजे कामात गुंतलेला, मग वायू व्यस्त कसा? आणि बहुवारिक तर प्रयोगभर नळीत जागच्या जागी बसून राहतं, मग पृथक्करण झालं तरी कशाचं?

तिसरी शंका सर्वांत मोलाची आहे. तिचा उलगडा झाला की दुसरीचा निम्मा होतोच, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

नेहमीच्या वायू-क्रोमॅटोग्राफीत कॉलममध्ये, म्हणजे त्या नळीत, काय भरलं आहे ते आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक नसतो तो बाहेरून सोडलेला नमुना. हेलियम किंवा नायट्रोजनसारखा वाहक वायू नमुन्याची वाफ पुढे नेत राहतो. कॉलममधल्या लेपाशी ज्या घटकाची जवळीक जास्त तो रेंगाळतो, ज्याची कमी तो लवकर सुटतो. इथे 'पृथक्करण' दोन्ही अर्थांनी चपखल बसतं. दोन्ही म्हणायचं कारण, मराठीत या शब्दाचे खरोखरच दोन अर्थ आहेत. एक शब्दशः, म्हणजे सुटं सुटं करणं. दुसरा रसायनशास्त्रात रुळलेला, म्हणजे पदार्थात काय आहे आणि किती आहे ते काढणं. पाण्याचं रासायनिक पृथक्करण केलं म्हणताना कोणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केलेले नसतात.

बहुवारिकाला मात्र या रांगेत उभंच करता येत नाही. त्याचे रेणू इतके अवजड की वाफ होण्याआधी तापून त्यांच्या साखळ्या तुटतात. नमुना म्हणून वायूबरोबर धाडणं शक्य नाही, तेव्हा त्यालाच कॉलममध्ये बसवलं जातं. विद्रावकात विरघळवून निष्क्रिय भुकटीच्या कणांवर पातळ लेप द्यायचा, किंवा केशनळीच्या आतल्या भिंतीवर. तंतू वा भुकटीच असेल तर तशीच भरायची. मग वायूबरोबर सोडायचे ते सगळे ओळखीचे, शुद्ध पदार्थ: हेक्झेन, ऑक्टेन, डेकेन, क्लोरोफॉर्म, अॅसिटोन, इथिल अॅसिटेट. मात्रा अगदी क्षुल्लक, इतकी की त्या पदार्थाच्या रेणूंची आपापसांत गाठ पडू नये. सहसा एका वेळी एकच पदार्थ जातो, त्यामुळे कोणाला कोणापासून वेगळं करायचं हा प्रश्नच नसतो. बघायचं ते दोनच: पदार्थ किती उशिरा बाहेर आला आणि त्याचं शिखर आलेखावर किती पसरलं. मिथेन बहुधा कशातच अडकत नाही, म्हणून त्याला लागलेला वेळ वजा करतात. उरतो तो बहुवारिकाने लावलेला उशीर.

म्हणून या प्रयोगाला 'पृथक्करण' म्हणू नये. पहिल्या अर्थाने ते होत नाही, आणि दुसऱ्या अर्थानेही नाही, कारण बहुवारिकाचं रासायनिक घटन काय हे इथे कोणी विचारतच नाही. विचारतात ते त्याचे भौतिक गुणधर्म. 'मापन', 'निर्धारण', 'अभ्यास' यांतलं काहीही चालेल.

त्या एवढ्याशा उशिरातून काय काय निघतं ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण लेखात पुढे 'शोषण' की 'अधिशोषण' असाही प्रश्न येणारच आहे. साधारण नियम असा की तापमान वाढवलं की पदार्थ कॉलममध्ये कमी रेंगाळतो. एक ग्रॅम बहुवारिकामागे किती आकारमानाचा वायू वाहून गेल्यावर पदार्थ बाहेर पडला, हे विशिष्ट धारण-आकारमान. त्याचा लॉगरिदम आणि केल्व्हिन तापमानाचा व्यस्तांक (१ भागिले तापमान) यांचा आलेख काढला तर सरळ रेषा येते. बहुवारिकाच्या बाबतीत ही रेषा मध्येच वाकते. काचसंक्रमण तापमानाच्या खाली बहुवारिक काचेसारखं ताठर असतं. बाहेरून आलेले रेणू आत शिरू शकत नाहीत, पृष्ठभागावरच चिकटून सुटतात. हे अधिशोषण. ते तापमान ओलांडलं की साखळ्यांना हालचालीला मोकळीक मिळते आणि रेणू आत झिरपू लागतात. हे शोषण. आता रेंगाळायला पृष्ठभागाबरोबर आतला सगळा भागही मिळाल्यामुळे काही अंशांपुरती उलटीच गंमत होते: तापमान वाढतं आणि उशीरही वाढतो. आत-बाहेरचा समतोल पुन्हा साधला की रेषा परत सरळ. आलेखाचा हा एकूण आकार आडव्यातिडव्या झेडसारखा दिसतो. पॉलिस्टायरीनमध्ये हा फेरफार साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होतो. तेव्हा दोन्ही शब्द लागतील, पण रेषेच्या वेगवेगळ्या भागांसाठी. दोन्हीकडे सरसकट 'शोषण' लिहिलं तर आलेख का वाकला हेच वाचकाला कळणार नाही.

पॉलिएथिलिनसारख्या अंशतः स्फटिकी बहुवारिकाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या स्फटिकी भागात बाहेरच्या रेणूंना शिरकाव नसतो, ते सैल, अस्फटिकी भागातच मुरतात. स्फटिक वितळले की सगळाच भाग खुला होतो आणि उशीर एकदम वाढतो. वितळलेल्या अवस्थेतली सरळ रेषा मागे, कमी तापमानाकडे वाढवली, तर बहुवारिक पूर्ण अस्फटिकी असतं तर किती उशीर झाला असता ते कळतं. प्रत्यक्ष उशीर त्याच्या किती पट आहे ते पाहिलं की स्फटिकी भागाचं प्रमाण मिळतं. मला ही युक्ती फार आवडते, कारण तुलनेसाठी शंभर टक्के स्फटिकी नमुना लागत नाही, आणि तसा नमुना मिळतो तरी कुठे! याखेरीज बहुवारिक आणि विद्रावक यांचं किती जमतं ते सांगणारा फ्लोरी-हगिन्स गुणांक, हेक्झेन-हेप्टेन-ऑक्टेन अशा मालिकेवरून पृष्ठभाग-ऊर्जेचा अपस्करण घटक (ध्रुवीयतेवर अवलंबून नसलेल्या आकर्षणाचा वाटा), शिखराच्या पसाऱ्यावरून विसरण गुणांक (रेणू बहुवारिकात किती वेगाने पसरतात ते), हेही याच मोजमापांतून काढता येतं.

आता 'व्यस्त'. वरच्या वर्णनातच दिसलं असेल की इथे उलटं झालं आहे ते माहीत आणि अमाहीत यांचं नातं. वायू नेहमीच्याच दिशेने वाहतो, यंत्रही जवळपास तेच. एरवी कॉलम माहीत आणि पाहुणा अनोळखी, इथे पाहुणा माहीत आणि कॉलम अनोळखी. 'इन्व्हर्स' हे विशेषण १९६६ साली डेव्हिस, पीटरसन आणि हेन्स यांच्या पेट्रोलियम डांबरावरच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात दिसतं. बहुवारिकांसाठी ही पद्धत नावारूपाला आली ती १९६९ मधल्या स्मिड्सरॉड आणि गिलेट यांच्या कामानंतर.

या अर्थाला 'व्यस्त' शोभतो का? माझ्या मते उत्तम शोभतो. 'कामात गुंतलेला' हा अर्थ मराठीत हिंदीच्या वाटेने आला आणि आता पक्का बसला आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण गणिताच्या मराठीत व्यस्त प्रमाण, व्यस्त चलन, गुणाकार व्यस्त हे शब्द शाळेपासून सगळ्यांच्या कानावर असतात. त्याहून जुना दाखला हवा असेल तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त 'व्यस्तविधी' नावाचं प्रकरणच आहे. उत्तर दिलेलं असतं, त्यावर कोणत्या क्रिया केल्या ते दिलेलं असतं, आणि उलट चालत जाऊन मूळ संख्या काढायची असते: भागाकाराच्या जागी गुणाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ. उशीर हातात आहे, त्यावरून तो लावणाऱ्याचा स्वभाव काढायचा आहे, हे त्याच जातीचं काम.

इतर पर्याय तपासून पाहिले. 'उलट' सुटसुटीत आहे, पण 'उलट वायू' म्हटलं की वायू विरुद्ध दिशेने सोडला असं वाटतं. शिवाय तो शब्द दुसरीकडे लागतो. द्रव-क्रोमॅटोग्राफीत एक 'रिव्हर्स्ड फेज' प्रकार आहे, १९५० साली हॉवर्ड आणि मार्टिन यांनी पुढे आणलेला. त्यात कॉलममधला लेप अध्रुवीय आणि वाहणारा द्रव ध्रुवीय असतो, म्हणजे आधीच्या रिवाजाच्या नेमकं उलट. तिथे 'उलट-प्रावस्था' अगदी योग्य. दोन्हींना एकच विशेषण दिलं तर घोटाळा ठरलेला. 'विपर्यस्त' कोशात सापडेल, पण त्याला 'विपर्यासा'चा वास येतो, जणू प्रयोगात कोणी लबाडी केली. 'प्रतिलोम' चुकीचा नाही, मात्र तो ऐकल्यावर क्रम उलटला असं वाटतं, भूमिका बदलल्या असं नाही.

'व्यस्त' ठेवायचा, तर प्रश्न उरतो तो जागेचा. 'व्यस्त वायू' असे शब्द शेजारी आले की वाचक त्यांची जोडी जुळवणारच आणि हसणारच. विशेषण वायूचं नाही, पद्धतीचं आहे, तेव्हा ते पद्धतीलाच लावावं: 'व्यस्त पद्धतीची वायू-क्रोमॅटोग्राफी'. दोन अक्षरं जास्त गेली तर जाऊ देत. त्याच लेखात तापमानाचा व्यस्तांकही येणार असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

हे नामकरण टिकतं का, याची परीक्षा दुसऱ्या एका पद्धतीवर घेता येते. बहुवारिकं जिथे खरोखर वेगळी केली जातात ती जेल-क्रोमॅटोग्राफी. मूर यांनी १९६४ साली पॉलिस्टायरीनच्या सच्छिद्र जेलवर ती उभी केली. तीत बहुवारिक विद्रावकात विरघळवून कॉलममधून सोडतात. लहान रेणू छिद्रांत शिरत-निघत उशीर करतात, मोठ्यांना आत जागाच नसते, म्हणून ते आधी बाहेर. इथे एकाच बहुवारिकातल्या लांब-आखूड साखळ्या सुट्या होतात, तेव्हा 'पृथक्करण' बेलाशक लिहावं. एक सावधगिरी मात्र हवी: 'रेणुभारानुसार पृथक्करण' लिहू नये. छिद्राला वजन कळत नाही, द्रावणात रेणूचा गुंडाळा किती जागा व्यापतो ते कळतं. म्हणूनच बेन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली रेणुभार आणि स्वभावी श्यानता (विरघळलेलं बहुवारिक द्रावणाला किती दाट करतं त्याचं माप) यांचा गुणाकार धरला, आणि वेगवेगळ्या बहुवारिकांचे बिंदू एकाच वक्रावर आले. 'आकारमानानुसार' हा शब्द खरा.

या पद्धतीचीही एक 'इन्व्हर्स' आवृत्ती आहे. तीत रेणुभार माहीत असलेली पॉलिस्टायरीनं सोडतात आणि कॉलममधल्या अनोळखी पदार्थाची छिद्रं केवढी आहेत ते काढतात. म्हणजे इथेही पाहुणा माहीत, कॉलम अनोळखी. 'व्यस्त' न खटकता बसतो, 'उलट' लिहिलं असतं तर द्रव मागे वाहतोय की काय असं वाटलं असतं.

राहिला 'वर्ण'. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीच्या स्तंभातून पानांमधली रंगद्रव्यं वेगळी केली आणि १९०६ साली त्या पद्धतीला 'क्रोमॅटोग्राफी' हे ग्रीक नाव दिलं, शब्दशः 'रंगलेखन'. त्यांच्या आडनावाचा रशियन अर्थही रंगच, हा योगायोग की मिश्कीलपणा यावर लोक अजून तर्क करतात. पण बिनरंगी पदार्थांनाही हीच तत्त्वं लागू पडतात हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. म्हणजे रंग नसतानाही नाव चालवून घेण्याची सोय मूळ मालकानेच केलेली आहे. तरी 'वर्णलेखन' मला जरा अवघड वाटतो, आणि तो रंगामुळे नव्हे. मराठीत वर्ण म्हणजे अक्षरही, त्यामुळे नवख्या वाचकाला तो शुद्धलेखनाचा भाऊ वाटू शकतो. शालेय पुस्तकांतलं 'रंजकद्रव्य पृथक्करण' तर इथे दोन्ही पायांनी लंगडं: रंजकद्रव्यही नाही आणि पृथक्करणही नाही. मी 'क्रोमॅटोग्राफी'च लिहीन. विश्वकोशी शैली हवी असेल तर 'वर्णलेखन' लिहावं, फक्त एका लेखात दोन्ही मिसळू नयेत. 'बहुवारिक' मात्र जरूर ठेवा. 'वार' म्हणजे खेप, आणि तोच घटक पुन्हा पुन्हा जोडला गेला हे त्यातून आपसूक कळतं.

एवढं करून वाक्य असं होतं: 'व्यस्त पद्धतीच्या वायू-क्रोमॅटोग्राफीने बहुवारिकाचे काचसंक्रमण तापमान आणि स्फटिकी भागाचे प्रमाण मोजले.' कोणते गुणधर्म मोजले ते मसुद्यात पाहून शेवटचा भाग बदलावा. आणि मसुद्यात कॉलममधून सोडलेल्या ओळखीच्या पदार्थासाठी कुठे 'प्रोब' आला असेल तर 'शोधक रेणू' लिहावं. शल्यचिकित्सेतला 'एषणी' हा शब्द जुना आणि देखणा आहे, पण ती सळई आहे, वाफ नव्हे.