सिरॅमिक ग्रिलसाठी कोळसा निवडताना : वाचकांचे प्रश्न

(सिरॅमिक ग्रिल म्हणजे भाजलेल्या मातीच्या जाड भिंतींची, झाकणाची शेगडी; तिला हवेसाठी खाली एक आणि माथ्यावर एक झडप असते. या सदरात कोळसा म्हणजे लोणारी कोळसा, लाकडापासून पाडलेला. दगडी कोळसा अन्नाखाली कधीही पेटवू नये.)

प्रश्न : ओक, मेस्किट, केब्राचो, बाभूळ... पिशवीवर लाकडाचं नाव ठळक छापलेलं असतं. सिरॅमिक ग्रिलसाठी यातलं कोणतं घ्यावं? लाकूड बदललं की चव बदलते का?

उत्तर : चवीचं आधी. लाकूड हवा कोंडून तापवलं की त्यातलं पाणी, डांबर आणि वासाचे वायू निघून जातात. उरतो तो मुख्यतः कार्बन. वास देणारी द्रव्यंच गेल्यावर ओकचा कोळसा आणि बाभळीचा कोळसा यांत जिभेला कळेल असा फरक फारसा राहत नाही. भाजलेल्या पदार्थाला येणारी चव बरीचशी निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या चरबीच्या धुराची असते. ‘मेस्किटच्या कोळशाला खास वास येतो’ असं वाटतं तेव्हा त्यात अर्धवट जळलेलं लाकूड राहिलेलं असण्याची शक्यता अधिक. धुराची चव हवी असेल तर कोळसा चांगला घ्या आणि सफरचंद, चेरी किंवा हिकरीच्या सुक्या, रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाचे मुठीएवढे दोन-तीन तुकडे त्यात ठेवा. चव लाकडातून घ्यावी, धग कोळशातून.

आता धग. वजनाला वजन धरलं तर चांगल्या कोळशाची उष्णता, लाकूड कुठलंही असो, जवळपास सारखीच भरते : किलोमागे साधारण ३० मेगाज्यूल. फरक पडतो तो घनतेत. केब्राचो हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. स्पॅनिशमधल्या त्याच्या नावाचा अर्थच ‘कुऱ्हाड मोडणारा’. तेवढ्याच जागेत त्याचा कोळसा हलक्या लाकडाच्या कोळशापेक्षा वजनाने बराच जास्त मावतो. सिरॅमिक ग्रिलमध्ये हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण कोळशाची जागा ठरलेली असते आणि वर जाळी, तिच्यावर पदार्थ, म्हणून मधेच भर घालणं अवघड. आठ-दहा तास ११० अंशांवर मंद शिजवायचं असेल तर जड कोळसा हवाच : केब्राचो, बाभूळ, ओक. अर्ध्या तासात मासे भाजून उठायचं असेल तर मध्यम किंवा हलका चालतो; तो लवकर पेटतो, लवकर संपतो. केब्राचो पेटायला हट्टी, त्याला वेळ द्यावा लागतो. एकच पिशवी ठेवायची झाली तर आमचं मत ओकला. पेटायला फार त्रास नाही आणि टिकतोही.

पण लाकडाच्या नावाआधी कोळसा किती पक्का पाडलाय आणि तुकडे केवढे आहेत ते बघा. चांगल्या लाकडाचा कच्चा कोळसा साध्या लाकडाच्या पक्क्या कोळशापुढे टिकत नाही.

प्रश्न : पक्का आणि कच्चा कोळसा ओळखायचा कसा?

उत्तर : दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर आपटा. पक्का कोळसा काचेसारखा किणकिणतो. कच्चा लाकडासारखा थप्प वाजतो. मग एक तुकडा मोडून बघा. पक्का असेल तर तो कट्कन तुटतो, तुटलेली बाजू काळीभोर आणि चकचकीत दिसते, लाकडाची वर्षवलयंसुद्धा मोजता येतात. आत तपकिरी पट्टा दिसला, तुकडा तुटण्याऐवजी तंतू धरून वाकला किंवा आकाराच्या मानाने जड लागला, तर तो कच्चा. असे तुकडे पेटताना दाट पिवळसर पांढरा धूर सोडतात आणि त्याचा कडवटपणा पदार्थावर बसतो. पाच-दहा तुकडे असे निघाले तर बाजूला काढा. अर्धी पिशवीच अशी असेल तर ती सिरॅमिक ग्रिलला वापरू नका. यात हवा कमी खेळते, म्हणून तो धूर रेंगाळतो.

पिशवीत दगड, तारा, सुतळीचे तुकडे निघतात, ते पेटवण्याआधी वेचा. दगड तापून फुटू शकतो. काटकोनात कापलेल्या चपट्या पट्ट्या दिसल्या तर त्या फर्निचरच्या किंवा फरशीच्या लाकडाच्या उरलेल्या पट्ट्या असतात. सलग लाकूड असेल तर हरकत नाही; थर चिकटवलेले दिसले तर फेकून द्या, त्यात गोंद असतो.

युरोपात कोळशासाठी ईएन १८६०-२ हे मानक आहे. त्यात स्थिर कार्बन (वायू निघून गेल्यावर राख सोडून उरणारा, जळणारा भाग) किमान ७५ टक्के, राख आणि ओलावा प्रत्येकी कमाल ८ टक्के आणि १० मिलिमीटरपेक्षा बारीक चुरा कमाल ७ टक्के, अशा अटी आहेत. पिशवीवर हे आकडे छापलेले असतील तर नावाआधी ते वाचा.

प्रश्न : दोन्ही झडपा पूर्ण उघड्या, कोळसा नवा, तरी तासाभरात पारा १८० अंशांच्या वर चढत नाही. कोळसा खराब आहे का?

उत्तर : बहुधा कोळशाचा दोष नाही, हवा अडली आहे. या ग्रिलमध्ये हवा फक्त खालच्या झडपेतून येते, तळाच्या जाळीच्या भोकांतून वर चढते आणि माथ्यावरच्या झडपेतून निघून जाते. पिशवी उलटी करून कोळसा ओतला की तळाशी साठलेला चुरा नेमका त्या भोकांत जाऊन बसतो. वर निखारे दिसतात, पण खालून श्वास बंद.

ग्रिल पूर्ण थंड झाल्यावर सगळं रिकामं करा. राख काढा, जाळीचं प्रत्येक भोक तारेने मोकळं करा. आतल्या कोळसापात्राचं तोंड खालच्या झडपेसमोर नीट आलंय ना, तेही बघा. ते थोडं फिरलेलं असलं तरी हवा निम्मी होते. मग कोळसा हाताने लावा : मुठीपेक्षा मोठे तुकडे तळाला, मध्यम त्यावर, लहान सगळ्यात वर. सुपारीएवढे आणि त्याहून बारीक तुकडे घालूच नका. पात्र काठोकाठ भरा. ‘थोडंच भाजायचंय’ म्हणून दोन ओंजळी कोळसा टाकणं ही दुसरी नेहमीची चूक. न जळलेला वाया जात नाही. जास्त धग हवी तर तीन जागी पेटवा आणि दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडं ठेवा. मंद आचेसाठी एकाच जागी पेटवा आणि अपेक्षित तापमानाच्या २०-२५ अंश आधीच झडपा आवळायला घ्या. तापलेलं सिरॅमिक लवकर निवत नाही, पुढे गेलेला पारा मागे आणायला तास-तास लागतो.

पेटवायला रॉकेल किंवा पेटवण्याचं द्रव वापरू नका. सिरॅमिक सच्छिद्र असतं, वास आत मुरतो. मेणात भिजवलेल्या लाकडी भुश्याची वडी पुरते.

प्रश्न : मेस्किटच्या ठिणग्या फार उडतात. काही उपाय?

उत्तर : मेस्किटचा तो स्वभावच आहे (आपली वेडी बाभूळ त्याच गोतावळ्यातली). साल राहिलेले आणि ओल धरलेले तुकडे जास्त तडतडतात, कारण आत कोंडलेली वाफ आणि वायू एकदम फुगतात. साल काढा, कोळसा कोरडा ठेवा आणि पंख्याने किंवा ब्लोअरने वारा घालू नका. तापलेल्या ग्रिलचं झाकण आधी चार-पाच सेंटिमीटर उचलून काही सेकंद थांबा, मगच पूर्ण उघडा. एकदम उघडलंत तर हवा आत शिरून ज्वाळेचा लोळ हाता-तोंडावर येतो.

प्रश्न : ब्रिकेट्स (कोळशाचा चुरा दाबून केलेल्या वड्या) किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा चालेल का?

उत्तर : ब्रिकेट्सची राख खूप, तीच भोकं बुजवते. करवंटीचा कोळसा स्वच्छ आणि तेजस्वी जळतो, पण तुकडे फार लहान; तळाला घालू नका, वर मूठभर चालेल.

प्रश्न : उरलेला कोळसा पुन्हा वापरता येतो?

उत्तर : येतो, आणि वापरावाच. काम झालं की दोन्ही झडपा बंद करा, हवा संपून काही तासांत निखारे विझतात. पाणी मारू नका, सिरॅमिकला तडा जाईल. पुढच्या वेळी कोळसा ढवळून राख खाली पाडा, बारीक झालेले तुकडे काढा आणि नव्या कोळशाची भर घाला, जुना वर आणि नवा खाली. पिशवी उघडी ठेवली तर कोळसा हवेतली ओल ओढतो. झाकणाच्या डब्यात ठेवा. ओला झालाच तर एक-दोन दिवस कडक उन्हात पसरा. ग्रिलमधून काढलेला कोळसा मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय घरात किंवा गॅरेजमध्ये आणू नका. वरून विझलेला वाटणारा तुकडा आत धुमसत असतो आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.