दऱ्या उंच, डोंगर खोल : उपग्रहचित्रांतील पर्वतरांगांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. नोकरीच्या काळात हिमालयात जायचे राहून गेले आणि आता सहासष्टाव्या वर्षी गुडघे साथ देत नाहीत. गेले वर्षभर दुपारच्या वेळी, बाहेर ऊन रणरणत असताना, मी नातवाच्या संगणकावर गुगल अर्थ उघडून गढवाल आणि काराकोरमच्या रांगा पाहत बसते. दोन शंका आहेत. पुष्कळदा दऱ्या उंचवट्यांसारख्या आणि डोंगरांच्या धारा घळींसारख्या खोल दिसतात. हा दोष माझ्या डोळ्यांचा की चित्रांचा? आणि असे घरबसल्या पाहण्याला शोध म्हणता येईल, की हा नुसता वेळ घालवणे आहे? – एक वाचक भगिनी, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : दोष आपल्या डोळ्यांचाही नाही आणि चित्रांचाही नाही. प्रकाश वरून येतो, या जन्मभराच्या सवयीने आपण उठाव ओळखतो आणि कागदावरच्या चित्रातही उजेडाची बाजू वरची आहे असे मनोमन धरून चालतो. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे बहुतेक उपग्रह मात्र त्या त्या ठिकाणच्या सकाळी दहा ते साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. त्या वेळी हिमालयात सूर्य आग्नेयेला असतो आणि सावल्या वायव्येकडे पडतात. उत्तर दिशा वर ठेवलेल्या चित्रात, म्हणजेच, उजेड खालच्या उजव्या कोपऱ्यातून येतो आणि मेंदू उंच-सखल यांची अदलाबदल करून टाकतो. यावर साधा उपाय आहे. चित्र फिरवून दक्षिण दिशा वर घ्यावी. क्षणात धारा वर येतील आणि नद्या खाली बसतील. चित्र तिरके करून पाहिले तरी गोंधळ मिटतो, पण माझ्या मते आधी सपाट चित्रावरच सराव करावा, कारण सावली वाचता येणे हे या छंदातले पहिले कौशल्य आहे. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असेल, तर सपाट जमिनीवर पडलेली सावली वस्तूच्या उंचीइतकीच लांब असते, एवढे ध्यानात ठेवले तरी सुळक्यांच्या आणि कड्यांच्या उंचीचा अंदाज बांधता येऊ लागतो.

हा सराव काराकोरमवर करू नये, आपल्या पायाखालच्या जमिनीवर करावा. सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाट चढून आपण बालाघाटच्या माथ्यावर येतो. तो चढ आपण अनेकदा गाडीतून अनुभवला असेल. आता तोच डोंगरकाठ वरून पाहा, त्याची सावली कोणत्या बाजूला आहे आणि ओढ्यांनी तो कसा कुरतडला आहे हे ताडून पाहा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, हे आपण जाणताच. त्या दिवसांतल्या सकाळच्या चित्रांतही सावल्या आखूड असतात आणि सगळा मुलूख चपटा वाटतो. डिसेंबरातले चित्र शेजारी ठेवले, की तोच बालाघाट ठसठशीत उठून दिसतो. उंच हिमालयात मात्र हिवाळ्यातल्या लांब सावल्या उत्तरेकडचे कडे पार गिळून टाकतात. तिथल्या हिमनद्या पाहायच्या असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमधील निरभ्र दिवसाचे चित्र निवडावे, कारण तोवर ताजा बर्फ वितळून खालचे जुने बर्फ आणि दगडगोट्यांचे पट्टे उघडे पडलेले असतात.

आता दुसरी शंका. पाहणे आणि शोध घेणे यांत फरक आहे, आणि तो फरक स्थळाचा नाही, पद्धतीचा आहे. रोज नव्या शिखरावर भिरभिरण्यापेक्षा एकच हिमनदी निवडून तिच्या मुखापासून माथ्यापर्यंत सावकाश चढावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. गंगोत्री हिमनदी यासाठी फार चांगली. तिची लांबी सुमारे 30 किलोमीटर आहे आणि गोमुखापासून ती आग्नेयेला चौखंबा शिखरसमूहाकडे चढत जाते. आरंभीच एक चकवा आहे. गोमुखाच्या वर पांढरेशुभ्र बर्फ दिसत नाही. दिसतो तो कोरड्या नाल्यासारखा राखाडी, खडबडीत पट्टा. नवखा माणूस हिमनदी आटली असे समजतो, पण ते दगडगोट्यांनी झाकलेले बर्फच असते. त्यावर विखुरलेली लहान हिरवट-निळी तळी आणि त्यांच्या काठची काळपट बर्फाची भिंत ही त्याची खूण. तिथून वर जाताना डाव्या-उजव्या बाजूंनी चतुरंगी, कीर्ती अशा उपहिमनद्यांची खोरी लागतात. दोन हिमनद्या जिथे मिळतात तिथे त्यांच्या काठांवरचे दगड एकत्र येऊन मधोमध एक गडद रेघ तयार होते. भूगोलाच्या पुस्तकात तिला मध्य हिमोढ म्हणतात. या रेघा मोजल्या तर वर किती प्रवाह एकत्र आले आहेत हे खालीच समजते. शिवलिंग शिखर 6543 मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी, हिमनदीच्या काठाला, तपोवनाचे कुरण उन्हाळ्यात हिरवे दिसते. इतके सगळे एका दुपारी होणार नाही. वही ठेवावी, चित्राची तारीख लिहावी, आपला तर्क लिहावा आणि पुढच्या वर्षीच्या चित्राशी तो पडताळावा.

अशा पाहण्यातून खरे काही हाती लागते का, असे आपल्या मनात येईल. आफ्रिकेतील मोझांबिकच्या उत्तर भागातील माबू डोंगरावरचे विस्तीर्ण जंगल ज्युलियन बेलिस या शास्त्रज्ञाने 2005 मध्ये गुगल अर्थवर प्रथम हेरले, मग तिथे मोहिमा गेल्या आणि शास्त्राला ठाऊक नसलेले साप, सरडे, फुलपाखरे तिथे सापडली. यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या डोंगराखालच्या गावकऱ्यांना ते जंगल चांगले ठाऊक होते. यादवी युद्धाच्या काळात ते तिथे आसरा घेत असत. चित्राने जंगल शोधले असे म्हणण्यापेक्षा, चित्रामुळे योग्य प्रश्न घेऊन योग्य ठिकाणी जाता आले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. आपल्याकडे इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी गुप्तपणे मोजणी करणारे नैनसिंह रावत 1865 मध्ये तिबेटच्या वाटेला लागले, तेव्हा त्यांच्याकडच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते आणि शंभर पावलांना एक मणी सरकवत त्यांनी अंतरे मोजली. आपण माउस सरकवत मोजतो. मोजलेले टिपून ठेवण्याची त्यांची शिस्त मात्र आपल्यालाही उचलता येते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. एकाच डोंगररांगेचा काही भाग अगदी स्पष्ट, तर शेजारचा पुसट, आणि एका कड्यावर बर्फ तर लगतच्या कड्यावर गवत, असे का दिसते? पैसे न देता चांगली चित्रे कुठे मिळतील? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण जे पाहता ते एक चित्र नसून गोधडी आहे. वेगवेगळ्या उपग्रहांनी वेगवेगळ्या दिवशी टिपलेले तुकडे त्यात शिवलेले असतात. एक तुकडा मे महिन्यातला आणि लगतचा ऑक्टोबरमधला असू शकतो. निर्जन डोंगरांची महागडी, अतिस्पष्ट चित्रे विकत घेणारे थोडे, म्हणून तिथे जुनी किंवा ढोबळ चित्रे वर्षानुवर्षे तशीच राहतात. गुगल अर्थच्या संगणकावरील आवृत्तीत जुन्या तारखांची चित्रे पाहण्याची सोय 2009 पासून आहे. तिचा उपयोग केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

मोफत चित्रांत युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची सर्वांत उपयोगी. त्याचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान ठिपका, जमिनीवर 10 मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅटचा पिक्सेल 30 मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. पण लँडसॅटची नोंद 1972 पासूनची आहे आणि 2008 पासून ती सर्वांना विनामूल्य खुली आहे. घर, तंबू, पायवाट यांसाठी दोन्ही अपुरी. हिमनदी, सरोवर, दरड यांसाठी पुरेशी. सेंटिनेलची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर तारीखवार पाहता येतात. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळही 2009 पासून आहे आणि भारतातल्या भागांसाठी तेही उघडून पाहावे.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात म्हणून एक गोष्ट विशेष सुचवतो. नेहमीच्या रंगांत ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात. लघुतरंग अवरक्त पट्टा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात टिपलेले चित्र, निवडला तर बर्फ तो प्रकाश शोषून घेत असल्यामुळे काळवंडतो आणि पाण्याच्या थेंबांचा ढग उजळच राहतो. काराकोरममधील हुंझा खोऱ्यातल्या शिस्पर हिमनदीची 2018 आणि 2019 ची चित्रे अशा रीतीने शेजारी ठेवून पाहा. एरवी संथ असणारी ही हिमनदी तेव्हा वेगाने पुढे सरकली, तिने शेजारच्या खोऱ्यातले पाणी अडवले आणि तिथे तळे साचू लागले. मे 2022 मध्ये ते तळे फुटून हसनाबादचा पूल वाहून गेला. ते तळे लहानाचे मोठे होताना मोफत चित्रांवर कोणालाही पाहता आले असते, हे आठवले की मला या विषयाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : आमचा सोलापूरचा आठ जणांचा गट दरवर्षी सह्याद्रीत भटकतो. पुढच्या जुलैत लडाखच्या झांस्करमधील एक फारशी कोणी न वापरलेली खिंड ओलांडायचा विचार आहे. उपग्रहचित्रांवर वाट आखली आहे. उतार कुठेही 35 अंशांपेक्षा जास्त दिसत नाही. एवढ्यावर निघावे का? – एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : निघू नये. आपण काढलेला उतार चित्राचा नाही, त्याखाली अंथरलेल्या उंचीच्या आकड्यांचा आहे. हे आकडे बहुधा 30 मीटरच्या जाळीचे असतात, म्हणजे दर 30 मीटरवर उंचीचा एकच आकडा. त्यांपैकी सर्वाधिक वापरले गेलेले मोजमाप अमेरिकेच्या एंडेव्हर या अंतराळयानाने फेब्रुवारी 2000 मधील 11 दिवसांच्या फेरीत रडारने केले, आणि अरुंद दऱ्यांत रडारचा किरण न पोचल्याने तिथे पोकळ्या राहिल्या, ज्या पुढे इतर साधनांनी भरून काढाव्या लागल्या. 20 मीटरचा सरळसोट कडा अशा जाळीच्या दोन बिंदूंमध्ये आला तर तो सुमारे 34 अंशांचा सोपा उतार म्हणून दिसतो. म्हणजे आपल्या आराखड्यातला 35 अंश हा दोराशिवाय न उतरता येणारा कडाही असू शकतो. सह्याद्रीत आपण नाळ आणि घळ यांतला फरक पायांनी जाणता. तो फरक 30 मीटरच्या जाळीला जाणता येत नाही.

बर्फाने झाकलेल्या हिमभेगाही चित्रात दिसत नाहीत. निदान मागच्या चार-पाच वर्षांतली जुलैची चित्रे शेजारी ठेवून खिंडीवर बर्फ कधी हटतो ते पाहा, खिंडीच्या दोन्ही अंगांना कमी उंचीवर माघारीच्या जागा नक्की करा, आणि त्या वाटेवर मेंढ्या किंवा घोडी नेणाऱ्या झांस्करच्या माणसांना आराखडा दाखवून विचारा. परवानग्यांची चौकशी आधीच करावी.

ओढ्यांबद्दल मात्र विशेष सावध राहा. चित्रात आपल्याला जो ओढा उड्या मारत ओलांडता येईल असा बारीक दिसला असेल, तो सकाळी साडेदहाचा आहे. वर्षातले कोणतेही चित्र घेतले तरी तो साडेदहाचाच असणार. बर्फ वितळून येणारे पाणी दुपारनंतर चढते आणि संध्याकाळी तोच ओढा कमरेपर्यंत येऊ शकतो. म्हणून वाटेतला प्रत्येक ओढा पहाटे ओलांडता येईल अशा बेताने मुक्काम ठरवा, आणि तसे मुक्काम बसत नसतील तर ती खिंड या वर्षी सोडून द्या.