कफमध्ये आणखी हवा भरण्याआधी

तुम्ही लिहिलंय की स्ट्रोकनंतर बाबांना ट्रेकिओस्टॉमी (गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी बसवलेली ट्यूब) आहे, गळ्याशी हवेचा आवाज येतो, म्हणून अटेंडंट रोज सकाळी सिरिंजने कफमध्ये, म्हणजे ट्यूबच्या आतल्या टोकाजवळच्या फुग्यात, थोडी हवा भरतो, आणि आता सक्शनमध्ये (नळीने स्राव ओढून काढताना) रक्ताच्या रेषा दिसतायत. हे वाचलं आणि राहवलं नाही. आईची ट्रेकिओस्टॉमी आम्ही काही वर्षं घरीच सांभाळली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ट्यूबला हात लावण्याआधी तुमच्या ईएनटीशी बोला. सक्शन, ड्रेसिंग तुम्हाला जमतंच आहे, त्यात शिरत नाही.

आधी रक्ताचं. पुसट रेषा बऱ्याचदा कॅथेटर (सक्शनची नळी) फार खोल गेल्याने किंवा आत जाणारी हवा कोरडी असल्याने येतात. तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच. लाल, ताजं रक्त आलं तर मात्र ते थोडंसं येऊन थांबलं तरी सरळ इमर्जन्सी गाठा. ट्यूबचं टोक किंवा कफ घासून श्वासनलिकेपुढची मोठी धमनी फुटू शकते, आणि मोठ्या रक्तस्रावाआधी पुष्कळदा एवढीच सूचना मिळते. "थांबलं ना, उद्या बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता कफ. त्यातला दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाणी एवढाच असावा. त्याच्या वर गेला की श्वासनलिकेच्या अस्तराला रक्त पोचत नाही, जखम होते, आणि ती भरून येताना व्रण आकसून नलिकाच अरुंद होते. कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा बोटांनी चेपून हा दाब कळत नाही, मुरलेल्या नर्सलाही नाही. कफ प्रेशर मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्रच लागतं.

आम्हाला डिस्चार्ज देणाऱ्या विभागाच्या कागदावर (नाव घेत नाही) एवढंच होतं: "ट्रेक केअर समजावली." दाब किती, मोजायचा कशाने, कफ किती वेळ फुगवलेला ठेवायचा, काही नाही. आवाज यायला लागला तेव्हा फोन केला. उत्तर आलं, थोडी हवा वाढवा. पुन्हा फोन, पुन्हा तेच. दर वेळी वेगळा माणूस, आधीच्या फोनची कुठे नोंद नाही. ट्यूब सरकली का, कफ फुटला का, ट्यूबचा साइझ बरोबर आहे का, एकानेही विचारलं नाही. आवाजाची ही सगळी कारणं असू शकतात, आणि हवा भरून यातलं एकही दुरुस्त होत नाही. आई व्हेंटिलेटरवरसुद्धा नव्हती, की त्यासाठी कफ फुगवलेला ठेवावा लागेल! पुढे ट्यूब काढायची म्हणून ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत कॅमेरा घालून तपासणी) केली, तर नेमकी कफच्या जागी श्वासनलिका आवळलेली निघाली. ट्यूब काढता आली नाही. त्या विभागाचा राग मला आजही येतो.

म्हणून माझं ठाम मत: बाबा व्हेंटिलेटरवर नसतील तर कफ दिवसरात्र फुगवलेला का, याचं कारण डॉक्टरांकडून लिहून घ्या. लाळ फुप्फुसात जाण्यापासून अडवायला, असं सांगतील. पण कफच्या वर साचलेली लाळ कडेने झिरपतेच, तो पूर्ण बंदोबस्त नाही. गिळण्याची तपासणी झाली का तेही विचारा. स्ट्रोकनंतर ती फार महत्त्वाची. तोवर स्वतः हवा काढूही नका. आणि काही सिलिकॉन ट्यूबच्या कफमध्ये हवा नव्हे, निर्जंतुक पाणी भरतात, तेव्हा तुमची ट्यूब कुठली ते आधी बघा.

जाता जाता आणखी एक. कुणी बोलण्याचा व्हॉल्व्ह (ट्यूबच्या तोंडावर बसणारी, हवा फक्त आत घेणारी झडप) सुचवला तर तो कफ पूर्ण रिकामा केल्याशिवाय लावायचाच नाही. कफ फुगलेला असेल तर श्वास आत जातो, बाहेर पडायला वाट राहत नाही, माणूस दगावतो. घरातल्या प्रत्येकाला, रात्रीच्या अटेंडंटलाही, हे माहीत हवं.

उशाशी त्याच साइझची एक आणि एक साइझ लहान अशा दोन जादा ट्यूब आहेत ना? आमच्या यादीत लहान ट्यूब नव्हतीच. ट्यूब निसटली की गळ्याचं छिद्र आकसायला लागतं आणि तेव्हा लहानच आत जाते. ट्यूबच्या गळ्यावर टेकणाऱ्या पाकळीवर (फ्लँजवर) छापलेला साइझ आणि प्रकार मोबाइलमध्ये टिपून ठेवा, इमर्जन्सीत पहिल्यांदा तेच विचारतात.