महिला तज्ज्ञ मिळत नाहीत, की आपण त्यांना फोनच करत नाही?

तुम्ही विचारलंय की बातम्यांत आणि चॅनेलवरच्या चर्चांत तज्ज्ञ म्हणून बायका इतक्या कमी का दिसतात, आणि हे प्रमाण वाढवायचं तर नेमकं काय करावं लागतं.

मी मराठी दैनिकात काम करते. आधी जिल्ह्यात वार्ताहर होते, आता डेस्कवर आहे. "बायका मिळतच नाहीत हो" हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं म्हटलंय. ते खरं नाही, हे मला कपाशीच्या एका शेतात कळलं.

2017 चा खरीप. विदर्भात गुलाबी बोंडअळीनं हाताशी आलेला कापूस घालवला होता. ही अळी कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजतं आणि बोंड बाहेरून हिरवंगार दिसत राहतं. नुकसान कळतं ते वेचणीच्या वेळी. मी नेहमीच्या सवयीनं एका विभागप्रमुखांना फोन लावून "शेतकऱ्यांनी वेळीच काळजी घ्यावी" अशी प्रतिक्रिया घेतली होती. यवतमाळ जिल्ह्यात बांधावर उभी असताना एक शेतकरी काका म्हणाले, "ताई, मॅडमना का नाही विचारत? दर आठवड्याला सापळे मोजायला त्याच येतात."

त्या मॅडम त्याच विभागात सहायक प्राध्यापक होत्या. फोन केला तर म्हणाल्या, "मी कशाला, सरांशीच बोला ना." मी म्हटलं, सापळे तुम्ही मोजलेत, मला तुमच्याकडूनच हवंय, तीन प्रश्न पाठवते, अर्ध्या तासानं फोन करते. अर्ध्या तासानं त्या जे बोलल्या त्यावर माझी अख्खी बातमी उभी राहिली. डोमकळी कशी ओळखायची, म्हणजे न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. ते तोडून नष्ट का करायचं. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग सापडले की फवारणीचा विचार का करायचा. शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाऊन करता येईल असं काहीतरी त्या बातमीत होतं. आधीच्या प्रतिक्रियेत यातलं काहीच नव्हतं.

त्यानंतर मी माझ्याच मागच्या तीन महिन्यांच्या बातम्या काढल्या आणि वहीत नावं लिहीत गेले. तज्ज्ञ म्हणून घेतलेल्या बायका एका हाताच्या बोटांवर संपल्या. त्यातही एक आहारतज्ज्ञ, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक पालकत्वावर बोलणाऱ्या समुपदेशक. पाणी, पीकविमा, वीजदर, अर्थसंकल्प या विषयांवर एकही नाही. मी स्वतः बाई असून ही अवस्था. फार वाईट वाटलं.

हे जगभरच आहे. 1995 पासून दर पाच वर्षांनी अनेक देशांतल्या बातम्या एका ठरावीक दिवशी मोजणारा जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्प आहे. त्याच्या मोजणीत तज्ज्ञांमध्ये महिला 2015 साली 19 टक्के होत्या आणि 2020 साली 24 टक्के. म्हणजे चार तज्ज्ञांत एकही पुरती बाई नाही.

उपाय काय, तर आधी मोजा. 2017 साली बीबीसीच्या 'आउटसाइड सोर्स' या कार्यक्रमात रॉस अ‍ॅटकिन्स या निवेदकानं हेच सुरू केलं. कार्यक्रम संपला की टीमनं दोन मिनिटं बसायचं आणि आज पुरुष किती, बायका किती ते लिहायचं. ज्याच्याशिवाय बातमीच होत नाही, उदाहरणार्थ पंतप्रधान, तो धरायचा नाही. ज्यांची निवड आपण करतो तेवढेच मोजायचे. 39 टक्क्यांवरून ते चार महिन्यांत 50 वर पोहोचले. वरून हुकूम नव्हता, दर्जा कमी करायला कुणी सांगितलं नव्हतं. आकडा रोज समोर दिसला की हात आपोआप वेगळ्या नंबराकडे जातो, हा माझाही अनुभव आहे.

कारण नंबर, हेच खरं दुखणं आहे. संध्याकाळी पाचला बातमी फुटते, साताला पान सोडायचं असतं, आणि आपण त्यालाच फोन करतो जो मागच्या वेळी पटकन बोलला होता. डेस्कवरची यादी वर्षानुवर्षं तशीच पुढे जाते. यादी डेडलाइनच्या वेळी बदलत नाही, निवांत दिवशी बदलावी लागते. मी प्रत्येक तज्ज्ञाला, विशेषतः पुरुष तज्ज्ञाला, फोन ठेवण्याआधी विचारते: "या विषयावर काम करणाऱ्या दोन बायकांची नावं सांगाल?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

करोनाच्या काळात तर सबबच उरली नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या (एनआयव्ही) संचालक डॉ. प्रिया अब्राहम होत्या. मायलॅब या कंपनीच्या करोना चाचणी किटचं काम मीनल दाखवे-भोसले यांनी गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत पूर्ण केलं. किट तपासणीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. लसींवर डॉ. गगनदीप कांग होत्या, जागतिक आरोग्य संघटनेत मुख्य शास्त्रज्ञ म्हणून डॉ. सौम्या स्वामिनाथन, ज्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) शिकल्या. तरी मीनलताईंबद्दल जास्त लिहिलं गेलं ते बाळंतपणावर. किट कसं चालतं हे त्यांच्या तोंडून फार कमी वेळा ऐकलं. बाई बातमीचा विषय होते, पण बातमी समजावून सांगणारी होत नाही. मला हे सगळ्यांत जास्त खुपतं.

बोलावतानाही पद्धत बदलावी लागते. "सातला स्टुडिओत या, रात्री साडेनऊपर्यंत चर्चा आहे" म्हटलं की घरात लहान मूल असलेली बाई नाहीच म्हणणार. व्हिडिओ कॉल चालतो, दुपारी रेकॉर्ड केलेलंही चालतं. प्रश्न आधी पाठवा. नावाच्या पट्टीवर 'डॉ.' आणि हुद्दा नीट लिहा. पुरुष पाहुण्याचा पूर्ण हुद्दा आणि शेजारच्या बाईंचं नुसतं नाव, हे मी पडद्यावर पाहिलंय. मुलाखतीनंतर खाली घाणेरड्या कॉमेंट्स येतात, त्या काढणं ही आपली जबाबदारी आहे. एका प्राध्यापिकेनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "बोलायला काही नाही हो, पण नंतरचं वाचायला मुलगी घरात असते."

आणि तुम्ही स्वतः एखाद्या विषयात काम करत असाल तर एवढंच: "हा भाग मला माहीत आहे, त्यापुढचा नाही" असं म्हणून बोलता येतं. आम्हाला तेवढं पुरतं. कॉलेजात किंवा संस्थेत असाल तर जनसंपर्क विभागाला सांगून विषयवार नावांची यादी जवळच्या वार्ताहराकडे पाठवा, विभागप्रमुखांच्या नाही, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या नावांची. सोबत कोणत्या वेळेत फोन चालेल ते लिहा. अशी यादी आली की मी तिची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवते.