आईचं वय ६६, शुगर आहे. लहानपणी टोचून झालंय, मग आता पुन्हा लशी कशाला? (इंदूर)

कारण काही लशींचा जोर ओसरतो आणि काही आजार उतारवयातच गाठतात.

आपल्याकडे गंजका खिळा लागला की टीटी टोचून घ्यायची आणि विसरायचं, एवढंच मोठ्यांचं लसीकरण. खरं तर धनुर्वात-घटसर्पाची टीडी दर १० वर्षांनी घ्यायची असते. घरात नातवंड येणार असेल तर एकदा टीडीऐवजी टीडॅप घ्या. त्यात डांग्या खोकल्याचीही लस असते, आणि तो खोकला तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो.

आईंसाठी मी आधी फ्लू आणि न्यूमोनियाचं बघेन. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती लस दरवर्षी. न्यूमोनियाची ६५ नंतर सगळ्यांनीच घ्यावी. शुगर असेल तर त्याआधीही देतात.

नागिणीची लस पन्नाशीनंतर, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने २ डोस. महाग आहे, पण ज्यांना कांजिण्या येऊन गेल्यात त्यांच्या नसांत तो विषाणू दबा धरून असतो आणि तोच पुढे नागीण होऊन उठतो. फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने आग होते, सदरा अंगाला लागला तरी सहन होत नाही. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस दगावतो, हे मात्र थोतांड.

सरकारी मोफत लशी मुख्यतः मुलं आणि गरोदर बायकांसाठी असतात. आईंच्या बहुतेक लशींचे पैसे पडतील. रामबागेतल्या असोत की सुदामानगरातल्या, नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी न्या. डोसच्या तारखा शुगरच्या फाइलमध्येच लिहून ठेवा.