कविता कोणत्या साली छापली, ते आधी पाहा

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मी दोनदा वाचला. शेक्सपिअरच्या काळापासून यादवी युद्धापर्यंतचे इंग्रज कवी आणि नाटककार तू प्युरिटन (चर्चची आणखी शुद्धी मागणारे कडवे प्रोटेस्टंट), कॅथलिक, राजनिष्ठ अशा रकान्यांत बसवले आहेत आणि त्या रकान्यांवरून त्यांच्या ओळींचा अर्थ लावला आहे. ते रकाने काही काळ बाजूला ठेव, अशी माझी कळकळीची सूचना आहे. त्याऐवजी प्रत्येक संहितेपुढे ती कोणत्या साली, शक्य असेल तिथे कोणत्या महिन्यात, लोकांसमोर आली ते लिही. कारण बिशपवरची टीका ही त्याला नेमणाऱ्या राजावरची टीका ठरत असे आणि किती बोलता येईल याची हद्द वर्षागणिक सरकत होती.

मिल्टनची ‘लिसिडस’ घे. एडवर्ड किंग हा केंब्रिजचा सहाध्यायी ऑगस्ट 1637 मध्ये समुद्रात बुडाला आणि त्याच्या स्मरणार्थ निघालेल्या 1638 च्या संग्रहात ही कविता कवीच्या केवळ आद्याक्षरांनिशी छापली गेली. तिच्यात संत पीटर येऊन लोभी धर्मगुरूंना ‘आंधळी तोंडे’ म्हणतो. बिशप या शब्दाच्या मुळाशी देखरेख करणे आहे आणि पास्टर (धर्मगुरू) या शब्दाच्या मुळाशी चारणे. ज्याने पाहायचे तो आंधळा आणि ज्याने भरवायचे तो नुसते तोंड, हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज समीक्षक रस्किनने फार सुंदर उलगडले आहे. हे छापून येण्याआधी काही महिन्यांपूर्वीच, जून 1637 मध्ये, बिशपांविरुद्ध लिहिल्याबद्दल तिघांचे कान भर चौकात कापले गेले होते. आता 1645 ची आवृत्ती उघड. तिथे कवितेच्या माथ्यावरच, हिच्यात भ्रष्ट धर्मगुरूंच्या ऱ्हासाचे भाकीत केले आहे, असे वाक्य आले आहे. दरम्यान, त्या तिघांना शिक्षा देणारे स्टार चेंबर न्यायालय बरखास्त झाले होते आणि 1645 च्याच जानेवारीत इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आर्चबिशप लॉड याचा शिरच्छेद झाला होता. कविता तीच राहिली, पण ती कशी वाचावी हे उघड सांगण्याची मुभा मिळाली. ते वाक्य पहिल्यापासूनच तिथे होते असे समजून मी कित्येक वर्षे वर्गात शिकवले, याची मला आजही खंत वाटते.

नाटकांबाबत तू सेन्सॉरने काय कापले एवढेच विचारतोस तसे आराखड्यावरून दिसते. काय जाऊ दिले आणि का, हेही विचारायला हवे. नाटककार मिडलटनच्या ‘अ गेम ॲट चेस’मध्ये (बुद्धिबळाचा डाव) पांढरी सोंगटी इंग्लंडची, काळी स्पेनची. स्पेनचा लंडनमधला माजी राजदूत गोंदोमार त्यात काळा घोडा झाला होता. त्याचा जुना पोशाख आणि पालखीही नटांनी मिळवली, अशी लंडनमध्ये बोलवा होती. हे नाटक परवाना अधिकारी हेन्री हर्बर्ट यांनी जून 1624 मध्ये मंजूर केले होते. युवराज चार्ल्सचा स्पेनच्या राजकन्येशी ठरत आलेला विवाह 1623 मध्ये फिसकटला नसता, तर ते मंजूर झाले असते असे मला वाटत नाही. ऑगस्टमध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात सलग नऊ प्रयोग झाले. मग स्पॅनिश राजदूताने तक्रार केली आणि हयात ख्रिस्ती राजाला रंगमंचावर आणल्याच्या कारणावरून ते बंद पडले.

कॅथलिक बाजू तुझ्या आराखड्यात अगदीच त्रोटक आहे. रॉबर्ट साउथवेल या जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारक संघातील) कवीला 1595 मध्ये लंडनजवळच्या टायबर्न या वधस्थळी फाशी दिले आणि त्याच वर्षी त्याच्या कविता लंडनमध्ये त्याच्या नावाविना छापल्या गेल्या. थॉमस स्टीफन्स हाही इंग्रजच आणि जेझुइटच, पण तो 1579 मध्ये गोव्यात पोहोचला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्याच राचोल येथे मराठी ओव्यांत छापले गेले. मायदेशी त्याला धर्मप्रसार उघडपणे करता आला नसता. गोव्यात मात्र पोर्तुगीज राज्यसत्ता त्याच्या पंथाच्या पाठीशी होती. या दोघांवर एक प्रकरण स्वतंत्र लिही, आणि तत्पूर्वी ‘लिसिडस’च्या दोन्ही आवृत्त्यांची पहिली पाने शेजारी ठेवून केलेली टिपणे मला पाठव.

तुझा शुभचिंतक