सेजच्या (साल्व्हिया, तुळशीच्या कुळातली सुगंधी वनस्पती) जाती त्यांच्या सुगंधी तेलातल्या रसायनांवरून ओळखता येतात का? बेळगावात असा प्रकल्प कसा करावा?

ओळखता येतात, पण तेलातला सगळ्यात मोठा घटक बघून जात ठरवायला गेलात तर फसाल. साल्व्हिया ऑफिसिनॅलिस या सेजच्या जातीच्या तेलात सहसा थुजोन (एक सुगंधी रसायन) आणि कापूर भरपूर असतो, साल्व्हिया फ्रुटिकोसा या दुसऱ्या जातीत सिनिओल (असंच आणखी एक रसायन) जास्त आणि थुजोन कमी. तरी थुजोन ऋतूप्रमाणे आणि पानाच्या वयाप्रमाणे वरखाली होतं. रोझमॅरिनिक आम्ल तर सेज, तुळस, पुदिना सगळ्यांतच असतं, त्यावरून जाती वेगळ्या होत नाहीत.

आपल्याकडे सेजच्या चार जाती जमवणं अवघड. त्याच कुळातली तुळस घ्या: अंगणातली तुळस, सबजा, रामतुळस (ऑसिमम ग्रॅटिसिमम, पांढरी तुळस नव्हे), कापूरतुळस. काळी आणि पांढरी तुळस मात्र एकाच जातीचे प्रकार आहेत, त्या दोन मोजू नका.

सगळ्यांचं बी एकाच वाफ्यात पेरा. खानापूरच्या पावसातली तुळस आणि चिकोडीच्या उन्हातला सबजा ताडून पाहिलात तर फरक जातीचा की हवामानाचा, हे कळणारच नाही. फुलोरा आल्यावर एकाच सकाळी काढणी करा. प्रत्येक जातीची निदान पाच झाडं घ्या आणि प्रत्येकाचं तेल वेगळं काढा. फुलासकट एकेक फांदी दाबून, वाळवून, क्रमांक घालून ठेवा, म्हणजे जात कोणती हे नंतर तपासता येईल; ती नसेल तर पुढच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

क्लेव्हेंजर उपकरणात (पाला पाण्यात उकळून वाफेबरोबर तेल काढणारं काचेचं उपकरण) १०० ग्रॅम ताजा पाला, ५०० मिली पाणी, ३ तास. तेल जेमतेम अर्धा मिली, बऱ्याचदा त्याहून कमी. इथे दोन अडचणी येतात. तुळशीच्या तेलातलं युजेनॉल हे रसायन पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तुळशीच्या तेलाचे थेंब खाली बसतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. मोजनळीत आधी मोजून अर्धा मिली झायलीन (पाण्यावर तरंगणारं द्रावक) घाला म्हणजे तेल वर राहील, आणि ते शेवटी वजा करा. कापूरतुळशीचा कापूर कंडेन्सरमध्येच पांढरा गोठतो. थंड पाणी थोडा वेळ बंद केलं की वितळून खाली येतो. तेल निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवून तपकिरी कुपीत, फ्रिजमध्ये ठेवा.

जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र) नसेल तर सिलिकाच्या पट्टीवर तेलाचा ठिपका देऊन टोल्युइन आणि इथिल अॅसिटेटच्या मिश्रणात (९३:७) घटक वेगळे करा, मग ठिपके दिसावेत म्हणून व्हॅनिलिन-सल्फ्युरिक फवारून ११० अंशांवर पाच मिनिटं. फेरिक क्लोराइडची चाचणीही करा, पण जपून. युजेनॉलला रंग येतो, मिथाइल युजेनॉलला येत नाही, आणि अंगणातल्या तुळशीत या दोन्हींपैकी कोणतंही मुख्य असू शकतं. रंग आला नाही म्हणून ती तुळस नव्हे, असं लिहू नका. सगळ्या घटकांची प्रमाणं पाचही झाडांसाठी शेजारी मांडा; जात त्या एकत्रित मांडणीत दिसते.